नकाराचे मराठी शब्द : ख्रिस्तपुराणाच्या आरंभाविषयी

बदलापूरला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त फोरमन राहतात. मूळचे कोट्टयमकडचे, सुरियानी परंपरेचे ख्रिस्ती. अंबरनाथच्या एका कारखान्यात उभी नोकरी झाली आणि मग इकडचेच झाले. गेल्या पावसाळ्यात ते एक वही घेऊन वर आले. त्यांची नातवंडं इथे जन्मली, शाळेत मराठी शिकली. मल्याळम बोलतात, पण वाचता येत नाही. घरच्या प्रार्थनेतले काही शब्द आजोबांना त्यांच्यासाठी मराठीत उतरवून ठेवायचे होते. “बाकी जमतं, सर,” ते म्हणाले, “देव दयाळू, देव राजा, देव बाप. हे खालचे तेवढे सांगा.” खाली सात-आठ शब्दांची यादी होती आणि प्रत्येकाच्या अर्थात एक ‘नाही’ होता. जो दिसत नाही, ज्याला माप नाही, ज्याला कोणी घडवलं नाही, जो बुद्धीला सापडत नाही.

मी मराठीचा मास्तर. सवयीने म्हणालो, “निराकार, निर्गुण...” त्यांनी ‘निराकार’ लिहून घेतला. ‘निर्गुण’पाशी पेन थांबलं. “निर्गुण म्हणजे गुण नसलेला ना? मग वर दयाळू लिहिलंय, त्याचं काय करायचं?”

प्रश्न साधा वाटला तरी त्या दिवशी मला त्याचं उत्तर देता आलं नाही. म्हणून ख्रिस्तपुराण पुन्हा काढलं. माझी प्रत शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरीत आणलेल्या आवृत्तीची आहे. ती उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये रद्दीच्या दुकानात मिळाली, तेव्हा तिला मागचं पुठ्ठं नव्हतं. ग्रंथाचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट. तो रोमला दीक्षार्थी होता, १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरेपर्यंत, तिथेच राहिला, त्यातली बरीचशी साष्टीत. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं हे पुराण १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली मंगळूरला सालढाणांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे मराठी अभ्यासकांच्या हाती आलं.

आपल्या वाङ्मयेतिहासात या ग्रंथाची आठवण निघते ती बहुतेक मराठीच्या स्तुतीसाठी. परक्याने आपल्या भाषेला रत्न म्हटलं, फूल म्हटलं, याचं आपल्याला कौतुक. पाठ्यपुस्तकांतूनही वर्षानुवर्षं तेवढाच तुकडा येत राहिला. त्या कौतुकात ग्रंथाच्या पहिल्या पाच-सहा ओव्यांकडे दुर्लक्ष झालं असं माझं मत आहे. ज्यांनी लक्ष दिलं त्यांनीही एवढंच म्हटलं की पाद्रीबाबांनी ज्ञानेश्वरीसारखा ॐकारपूर्वक आरंभ करून ख्रिस्ती देवाला मराठी अंगरखा घातला. मला हा निवाडा अपुरा वाटतो.

त्या ओव्या इथे उतरवत नाही. वाचकाने मुळातून वाचाव्यात. त्यांचा क्रम मात्र पाहण्यासारखा आहे. आधी वंदन, विश्व भरून राहिलेल्या, सर्वसमर्थ अशा बापाला, स्वर्ग आणि पृथ्वी रचणाऱ्याला. मग तो देणारा आहे, कृपेचा साठा आहे, सुखाचा सागर आहे. इथवर सगळे होकार. पण सागर म्हणताच त्याच ओवीच्या शेवटी सांगितलं जातं की या सागराचा आदि-अंत लागत नाही. पुढच्या ओवीत तो परमानंद आणि ज्ञानाचा दिवा, आणि लगेच निर्लेप, निर्मल, निर्विकार. त्यापुढे अदृष्ट आणि अव्यक्त, पण पाठोपाठ दयाळू आणि नीतिमान. मग अनादी, अविनाश, अमर, अपरंपार. आणि हे सगळं झाल्यावर एका शब्दासरशी चंद्र-सूर्य-नक्षत्रं करणारा. होकार आणि नकार असे एकमेकांत विणलेले आहेत. आधी सगळे होकार उरकून मग नकारांची रास घातली आहे, असं कुठेही दिसत नाही.

ही वीण आली कुठून? ज्ञानेश्वरीतून आणि नाथांच्या घरातून शब्द आले, यात शंका नाही. पण रचना स्टीफन्स घरून घेऊन आला होता. ख्रिस्ती धर्मविचारात देवाविषयी बोलण्याच्या दोन वाटा फार जुन्या आहेत. ग्रीक संज्ञा कॅटफॅटिक आणि अपोफॅटिक. आपण त्यांना होकाराची वाट आणि नकाराची वाट म्हणू. पाचव्या शतकाच्या अखेरीस किंवा सहाव्याच्या आरंभी सिरियाच्या बाजूला कुणी एकाने डायोनिसियस या नावाने चार ग्रंथ आणि काही पत्रं लिहिली. हे नाव पौलाने अथेन्समध्ये ज्याला ख्रिस्ती केलं त्याचं. लेखकाने ते पांघरलं आणि हजारेक वर्षं लोकांनी ते खरंही मानलं. एका ग्रंथात तो देवाची नावं सांगतो: चांगला, प्रकाश, सुंदर, जीवन, ज्ञान. दुसऱ्यात, जो जेमतेम काही पानांचा आहे, ती एकेक काढून घेतो. शेवटी तर नकारसुद्धा काढून घेतो. देव आपल्या ‘आहे’पलीकडे आहे तसा ‘नाही’पलीकडेही आहे. आपल्याकडे अमृतानुभवात शब्दखंडनाचं प्रकरण वाचलेल्याला ही जागा अनोळखी वाटणार नाही. उपनिषदातलं ‘नेति नेति’ तर मराठी माणसाच्या बोलण्यातच आहे.

पण दोन्हीकडे ‘नाही’ आहे म्हणून दोन्ही एकच, असं म्हणण्याची घाई आपले लोक फार करतात. फरक आहे, आणि तो स्टीफन्सला शिकवलेल्या धर्मशास्त्रात नीट मांडलेला होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हा प्रश्न चिरून ठेवला. त्याच्या आधीचा थोर ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस म्हणत असे की देवाविषयीचा प्रत्येक होकार म्हणजे पोटात नकारच. ‘देव ज्ञानी आहे’ याचा अर्थ ‘तो अज्ञानी नाही’ एवढाच घ्यावा. अक्वायनसने हे मानलं नाही. तो म्हणतो, देवाला दयाळू म्हणणारा भक्त केवळ ‘देव क्रूर नाही’ असं म्हणत नसतो, त्याला त्याहून जास्त म्हणायचं असतं. मग तो शब्दाची फोड करतो. शब्द ज्या गोष्टीकडे बोट दाखवतो ती देवाच्या ठायी खरीच आहे, किंबहुना आधी तिथे आणि मग आपल्यात. पण बोट दाखवण्याची रीत आपली, माणसाची, तोकडी. दया खरी, ‘दया’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं ते तिथे लागू नाही. नकार पडतो तो या दुसऱ्या अंगावर. त्याच्याही आधी, १२१५ सालच्या लॅटरन धर्मसभेने सांगून ठेवलं होतं की कर्ता आणि केलेलं यांच्यात कितीही साम्य दाखवा, त्याहून मोठा भेद शिल्लक असतोच.

हे लक्षात ठेवून ख्रिस्तपुराणाचा आरंभ वाचला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्या ओव्यांत ‘निर्गुण’ येत नाही, ‘सर्वगुणी’ येतो. आणि त्याला लागूनच ‘निर्लेप’. मराठीत ‘निर्गुण’ हा केवळ नकारार्थी शब्द नव्हे, त्याच्या पाठीशी अख्खं वेदान्तदर्शन उभं आहे. स्टीफन्सने निर्विकार घेतला, अव्यक्त घेतला, अनादी घेतला, आणि जिथे निर्गुण सहज बसला असता तिथे ‘सगळे गुण असलेला, तरीही गुणांनी न माखलेला’ असं म्हटलं. अक्वायनसची सारी कातरकाम केलेली चर्चा दोन मराठी शब्दांत मावली. ज्याला केवळ अंगरखा घालायचा आहे तो माणूस इतकं निवडून कापड घेत नाही.

आणखी एक निरीक्षण. स्टीफन्सने पवित्र आत्म्यासाठी, चर्चसाठी, संस्कारांसाठी पोर्तुगीज शब्द तसेच ठेवले. तिथे त्याला मराठीचा भरवसा वाटला नाही; किंवा वरिष्ठांना वाटला नसेल. (लंडनमधल्या मार्सडेन संग्रहातल्या देवनागरी हस्तलिखितात मात्र या पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द दिसतात.) पण देव कसा आहे आणि कसा नाही हे सांगताना त्याला एकही परका शब्द लागला नाही. धर्माच्या व्यवहारासाठी पोर्तुगीज आणि देवाच्या स्वरूपासाठी मराठी, ही वाटणी आपल्या भाषेविषयी बरंच सांगते. नकाराचे शब्द मराठीत संतांनी घासूनपुसून तयार ठेवले होते.

इथपर्यंत मी स्टीफन्सच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू.

साष्टीतली देवळं १५६७ साली पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेसुइट मारले गेले आणि त्यानंतर गावाने त्याची किंमत मोजली. ख्रिस्तपुराणाचे श्रोते म्हणजे या उलथापालथीतून गेलेल्यांची मुलंनातवंडं. पुराणाच्या आरंभीच्या प्रसंगात नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या. या मागणीतून ग्रंथ उभा राहतो. तेव्हा याच ग्रंथात मूर्तिपूजेवर आघात असणं ओघानेच आलं. हे लाकूड, हा दगड, हा देव नव्हे. हाही नकारच आहे. पण हा नकार स्वतःच्या शब्दावर पडत नाही, दुसऱ्याच्या देवळावर पडतो.

मला अंबरनाथचं शिवमंदिर आठवतं. बदलापूरहून लोकलने एकच स्टेशन. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा शिलाहार मामवाणीच्या काळचा शिलालेख तिथे आहे. बाहेरच्या भिंतींवर रिकामी जागा शोधावी लागते, इतक्या मूर्ती: देव, देवी, नर्तकी, हत्ती, सगळं. सभामंडपात शिरून पायऱ्या उतरत खाली गाभाऱ्यात जावं, तर तिथे घडीव मूर्ती नाही. दगड आहे. आणि वर पाहिलं तर पुरं शिखर नसल्याने आभाळ. कुणी शिल्पकाराने मुद्दाम हा सिद्धान्त कोरला असं मी म्हणत नाही. शिखर अपुरं असण्याची कारणं सिद्धान्ताबाहेरची असू शकतात. पण बाहेर इतकं सांगून आत काहीच न सांगणारी ही इमारत नऊशेहून अधिक वर्षं तिथे आहे आणि श्रावणी सोमवारी रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला त्यात काही विसंगत वाटत नाही.

आता गंमत अशी की दगडाच्या बाजूने सर्वांत चांगलं वकीलपत्र त्याच डायोनिसियसने घेतलं आहे. त्याचं म्हणणं, देवासाठी सोनं, प्रकाश, राजा अशा उंची प्रतिमा वापरणं धोक्याचं. माणूस फसतो, देव खरंच सोन्यासारखा आहे असं धरून बसतो. त्यापेक्षा ओबडधोबड प्रतिमा बऱ्या, आणि बायबलातही देवाविषयी बोलताना दगड येतो, अगदी किडाही येतो. देव किड्यासारखा आहे असं कुणीच अक्षरशः मानणार नाही, त्यामुळे मन तिथे अडकत नाही, पुढे जातं. अक्वायनसने हे म्हणणं आपल्या महाग्रंथाच्या पहिल्याच प्रश्नात उचलून धरलं आहे. स्टीफन्स याच मुशीतला. साष्टीतल्या पाडलेल्या देवळांच्या दगडांकडे पाहताना हे त्याच्या मनात आलं असेल का? ग्रंथात तरी त्याची खूण मला सापडली नाही. आरंभाच्या ओव्यांत स्वतःच्या शब्दांवर जो नकार त्याने इतक्या हळुवार हाताने ठेवला, तो श्रोत्यांच्या दैवतांपाशी आल्यावर जड झाला. काळ तसा होता, सत्ता तशी होती, हे मान्य. पण ख्रिस्तपुराणाचं मूल्यमापन करताना हे दोन नकार वेगळे मोजायला हवेत. कौतुक करणारे दुसरा विसरतात आणि राग धरणारे पहिला वाचतच नाहीत.

‘निर्गुण’चा खटला पुढे दोनशे-अडीचशे वर्षांनी उघडपणे उभा राहिला, आणि वादी मराठी होता. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, काशीला वाढलेलं चित्पावन घराणं. १८४८ मध्ये ते ख्रिस्ती झाले, नेहेमिया गोऱ्हे म्हणून ओळखले गेले. १८६० च्या ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी दर्शनांची झाडाझडती घेतली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: ज्याला काही जाणायचंच नाही असं ज्ञान, ज्याला काही भोगायचंच नाही असा आनंद, याला ज्ञान आणि आनंद का म्हणायचं? सगळे गुण काढून घेतल्यावर उरतं ते ‘काही नाही’पेक्षा वेगळं कसं ओळखायचं? प्रश्न तिखट आहे आणि शास्त्र्याच्या पोटातून आलेला आहे. माझ्या शेजाऱ्यांनी वहीवर पेन थांबवून विचारला तोच. मात्र हाच प्रश्न डायोनिसियसलाही विचारता येतो, हे गोऱ्ह्यांच्या युक्तिवादात जाणवत नाही. त्यांनी नकाराची वाट शेजारच्या घराची समजून बंद केली. ती त्यांच्या नव्या घरातही होती.

त्याला उत्तर आलं ते सिंधमधून, आणि इथे उल्हासनगर पुन्हा येतं. ब्रह्मबांधव उपाध्याय बंगाली, पण १८९१ साली ते ख्रिस्ती झाले तेव्हा सिंधमधल्या हैदराबादला शिक्षक होते. १८९४ पासून त्यांनी कराचीहून ‘सोफिया’ हे मासिक चालवलं. सुरुवातीला तेही अद्वैतावर तुटून पडत. पुढे अक्वायनस वाचतावाचता त्यांचं मत पालटलं. निर्गुण म्हणजे गुणांचा अभाव नव्हे. जगाशी कोणत्याही सक्तीच्या नात्याने बांधलेलं नाही ते निर्गुण, असं ते म्हणू लागले. दया आहे, पण दया करणं त्याला भाग नाही. १८९८ मध्ये त्याच मासिकात त्यांनी सच्चिदानंदाला वंदन करणारं संस्कृत स्तोत्र लिहिलं. त्रैक्याचं ते स्तोत्र आजही भारतातल्या कॅथलिक उपासनेत म्हटलं जातं. फाळणीनंतर कराचीतून आणि हैदराबादेतून निघालेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत आली आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्यांच्या दरबारांतून गुरू ग्रंथसाहिबाचं वाचन चालतं. त्याच्या मूलमंत्रातही आधी कर्ता, आणि मग निर्भय, निर्वैर, अयोनी. होकार आणि नकार, तीच वीण. माझी ख्रिस्तपुराणाची प्रत अशाच एका गल्लीतून आलेली. यात योगायोगापलीकडे काही नाही; पण दुकानदार पुस्तकाचं नाव वाचून “यह भी पुराण है?” म्हणाला होता, ते विसरत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या वादात तत्त्वज्ञाच्या पायरीने पाऊल टाकलं नाही. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत राहिले. त्यांच्या अभंगांत आणि पदांत नकाराचे शब्द फारसे दिसत नाहीत. तिथे होकारांची दाटी आहे: गुरू, सखा आणि विशेष म्हणजे माउली. ख्रिस्ताला आई म्हणणारा हा कवी वरकरणी नकाराच्या वाटेपासून सर्वांत दूर. मला मात्र वाटतं की ‘बाप’ म्हणून पक्क्या झालेल्या जागी ‘आई’ म्हटलं की ‘बाप’ हा शब्द आपोआप सैल होतो. ‘नाही’ न म्हणता एका नावापुढे दुसरं, न जुळणारं नाव ठेवणं, हीदेखील नकाराची एक रीत आहे. विठोबाला माउली म्हणणाऱ्या वारकऱ्याकडून टिळक ती शिकले. लक्ष्मीबाईंनी पतीच्या मागे ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं. स्मृतिचित्रांत त्यांनी सोवळ्याओवळ्यापासून सुटण्याची स्वतःची हकीकत जशी सांगितली आहे ती पाहता, या बाईला देवाविषयीच्या पक्क्या शब्दांची भीती कधी वाटली नसावी असं मला वाटतं.

हे सगळं वाचून मी तळमजल्यावर गेलो. अर्थातच त्यांना अक्वायनस नको होता. उलट त्यांनीच मला त्यांच्या परंपरेतली एक गोष्ट सांगितली आणि ती मी पुढे ताडून पाहिली. चौथ्या शतकातला सुरियानी कवी एफ्रेम. त्याच्या एका स्तोत्रात पोपटाला बोलायला शिकवणारा माणूस आहे. तो आरशामागे लपतो आणि बोलतो. पोपटाला आरशात पोपट दिसतो, आपल्यासारखाच कुणी बोलतोय असं वाटून तो शब्द उचलतो. एफ्रेम म्हणतो, देवाने तेच केलं. आमचे शब्द कपड्यांसारखे अंगावर घातले, एक काढला, दुसरा घातला. कान, डोळे, राग, पश्चात्ताप, सगळे आमचेच. आणि त्यामागे आम्हाला शिकवणारा. चर्चेत इतकी पानं खर्च करून मी जे म्हणत होतो ते एका पोपटात आलं होतं. गोष्ट सांगताना ते हसत होते. त्यांच्या लहानपणी आजी हीच गोष्ट मैनेची करून सांगायची म्हणे.

मग वही उघडली. अदृष्ट ठेवला. अव्यक्त ठेवला, पण नातवाला समजेल म्हणून खाली ‘शब्दांत न सापडणारा’ असं लिहिलं. अनादी ठेवला. ‘अपरंपार’ त्यांना फार आवडला, दोनदा म्हणून पाहिला. ‘निर्लेप’ मी सुचवला तेव्हा नात मधेच म्हणाली, ते तर चिकटत नाही अशा तव्याचं नाव आहे. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अर्थ तोच आहे, राहू द्या.

‘निर्गुण’ची ओळ त्यांनी कोरी सोडली आहे. पुढच्या रविवारी अच्चनना विचारून सांगतो म्हणाले.